अर्थ लागलेली वाक्यं

कंधारकर सरांचं इंग्रजी ऐकायला उदगीरमध्ये लोक वेळ काढून यायचे. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, डॉक्टरांच्या संघटनेचा कार्यक्रम असो की एखाद्या इमारतीचं उद्घाटन, माइकवर तिथल्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक शैलेश कंधारकर उभे राहिले की मागच्या रांगेतली कुजबुज थांबायची. आवाज भारदस्त, उच्चार घासूनपुसून लखलखीत केलेले. निम्म्या लोकांना त्यातलं काही कळायचं नाही, आणि कळत नाही म्हणूनच त्यांना ते भारी वाटायचं.

सुवर्णा त्यांची बायको. त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. देवणीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली, आणि बी.एस्सी.ला इंग्रजी पुस्तकातल्या ओळींवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून पास झालेली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. त्या एकोणीस वर्षांत तिच्या तोंडून निघालेला एकही चुकीचा इंग्रजी शब्द शैलेशने खाली पडू दिला नव्हता. पाहुणे असले की जास्तच. "आमच्या हिला हायपोथिसिस म्हणजे तापाचा प्रकार वाटतो," असं तो म्हणायचा. पाहुणे हसायचे. सुवर्णा पोळी वाढायची. त्यांची मुलगी ईश्वरी लहान होती तेव्हा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मग हसायची. अकरावीत गेल्यावर ती न बघताच हसायला लागली.

२०४१च्या जूनमध्ये कॉलेजात 'उमज' आली.

दिसायला ती साधी रबरी पट्टी होती, कपाळावरून कानामागे जाणारी आणि डोक्याच्या मध्यावर चार गुंड्या टेकवणारी. तिच्यामागचं शास्त्र मात्र साठ वर्षं जुनं होतं. वाचताना आपला मेंदू पुढच्या शब्दाची वाट बघत असतो. आलेला शब्द आधीच्या अर्थात बसला नाही, तर सुमारे चारशे मिलिसेकंदांनी टाळूखाली विजेची एक बारीकशी लाट उमटते. वाक्याची रचनाच कळली नाही, तर सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास दुसरी लाट येते. माणसाने कितीही मान डोलावली तरी या लाटा थांबत नाहीत. पूर्वी त्या इतक्या अस्पष्ट असायच्या की एकाच प्रकारचं वाक्य पन्नास-साठ वेळा दाखवून सरासरी काढावी लागे. उमजने ते काम एका वाचनात करून दाखवलं. नजर कोणत्या शब्दावर आहे हे पडद्यावरचा कॅमेरा बघायचा, लाट आली की नाही हे पट्टी बघायची, आणि अर्थ न लागलेलं वाक्य समोरच्या पडद्यावर लाल व्हायचं.

कंपनीने ती बनवली होती संशोधनपर इंग्रजी शिकवण्यासाठी. पट्टी बांधून माणसाने शोधनिबंध वाचायचे. कुठे अडखळला ते यंत्र टिपून ठेवायचं, आणि तोच शब्द, तीच रचना तीन दिवसांनी, नऊ दिवसांनी, महिन्याने, विसरायच्या जरा आधी, दुसऱ्याच विषयाच्या निबंधातून पुन्हा समोर आणायचं. शब्दांच्या याद्या नाहीत, व्याकरणाचे नियम पाठ करणं नाही. शंभरात दोन-तीन शब्द नवे आणि बाकी ओळखीचे, असाच मजकूर ते निवडायचं, त्यामुळे दमछाक होत नसे.

चाचणीसाठी चाळिशीपुढची माणसं हवी होती. प्राध्यापकांपैकी कुणीच नाव दिलं नाही. डोक्यात काय आहे ते उघड करून घ्यायला कोण जाईल? सुवर्णाने दिलं. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं, सगळं आधीच जेवणाच्या ताटाशी उघडं पडलं होतं.

रोज दुपारी दीड ते सव्वादोन ती वाचायची. मातीतल्या बुरशा, मुळांचं श्वसन, ज्वारीची पानं उन्हात कशी वळतात. सुरुवातीला तिचा पडदा लालभडक असायचा. तिसऱ्या महिन्यात 'ऑल्बीट' हा शब्द तिला चौथ्यांदा भेटला आणि तो 'जरी' आणि 'तरी' यांच्यामध्ये कुठेतरी बसतो हे तिला कुणी न सांगता कळलं. सातव्या महिन्यात एक वाक्य आलं. पाच ओळींचं, पोटात तीन उपवाक्यं घेऊन बसलेलं, क्रियापद कर्त्यापासून दोन ओळी लांब. ती त्यात शिरली आणि शेवटापर्यंत चालत गेली. कुठेच पाय अडकला नाही. पडदा हिरवा. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, मग प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि एकटीच मोठ्याने हसली.

अकरा महिन्यांनी तिचा उमज-अंक झाला एक्क्याऐंशी. म्हणजे शंभर वाक्यांपैकी एक्क्याऐंशी वाक्यांचा पूर्ण अर्थ लागला. जिल्ह्यातल्या चाचणीत तो सर्वांत जास्त होता. प्राचार्या निर्मला बिडवे यांनी तिला कॉलेजच्या उमज केंद्राची चालक नेमलं. पट्टी बांधायची, मजकूर निवडायचा, निकालाची नोंद करायची.

"म्हणजे डोक्याला फडकी बांधायचं काम," शैलेश घरी म्हणाला. "आण की एकदा. आम्हालाही बघू दे यात काय आहे."

तिने रविवारी सकाळी पट्टी घरी आणली. पोहे खाऊन झाले होते. शैलेशच्या डोक्याला तेल होतं म्हणून गुंड्या नीट टेकेनात, तेव्हा तिने रुमालाने त्याचे केस पुसले. ईश्वरी खुर्ची ओढून समोर बसली. सुवर्णाने नागरी आरोग्यावरचा एक निबंध उघडला. मनातल्या मनात वाचायचं असतं, पण शैलेश मोठ्यानेच वाचायला लागला, सभेत वाचावं तसा. थांबे बरोबर, चढउतार बरोबर.

निकालाचा पडदा सुवर्णाकडे होता. तो एकेक ओळ लाल होत गेला.

तिला आधी वाटलं गुंडी सरकली असेल. तिने उठून पट्टी दाबून बसवली आणि दुसरा निबंध दिला. पुन्हा लाल. साधी वाक्यं हिरवी राहायची, पण जिथे लेखक एक विधान करून त्याला अट घालतो, अटीला अपवाद सांगतो, तिथे शैलेशचा आवाज पुढे जात होता आणि मेंदू मागेच राहत होता. तिला हळूहळू लक्षात आलं. वीस वर्षं तो त्याच नोट्सवरून शिकवत होता, त्याही त्याच्या गुरूंनी दिलेल्या. भाषणं त्याची पाठ असायची. नवीन इंग्रजी मजकूर त्याने शेवटचा कधी वाचला होता, हे तिला आठवेना.

"किती?" ईश्वरीने विचारलं.

पडद्यावर एकतीस होते.

शैलेशने पट्टी काढली. त्याच्या कानामागे लाल वळ उठला होता आणि तो इतक्या विश्वासाने तिच्याकडे बघत होता की सुवर्णाला गलबलून आलं.

"ब्याऐंशी," ती म्हणाली.

"बघ!" शैलेश मुलीला म्हणाला. "आणि तुझ्या आईला अकरा महिने लागले. तरी एक कमीच."

ईश्वरीने टाळी दिली. सुवर्णा पट्टी डब्यात ठेवून पोह्यांच्या बश्या उचलायला लागली.

दोन महिन्यांनी विद्यापीठाचं परिपत्रक आलं. पदवी आणि त्यावरच्या वर्गांना इंग्रजीतून शिकवणाऱ्या प्रत्येकाचा उमज-अंक मोजला जाईल. साठच्या खाली असेल त्याला वर्गावर जाता येणार नाही. मोजणी चार महिन्यांनी, दोन साक्षीदारांसमोर, मोठ्या पडद्यावर.

कॉलेजचं वातावरण पालटलं. वर्षानुवर्षं 'हो, हो, बरोबर' म्हणत आलेली माणसं एकमेकांची नजर चुकवायला लागली. राज्यशास्त्राच्या लोहारे सरांनी वैद्यकीय रजा टाकली आणि ते भावाकडे नांदेडला जाऊन रोज पाच तास वाचायला बसले. इतिहासाच्या मुनीर शेख सरांनी तर सरळ सुवर्णाला विचारलं, "ताई, मला शिकवता का? माझे चव्वेचाळीस आहेत. मी मोजून बघितले." सुवर्णाने त्यांना दुपारची वेळ दिली.

शैलेशने काहीच केलं नाही. त्याचे ब्याऐंशी होते.

"लोहारे पट्टी बांधून झोपतो म्हणे," तो स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणायचा. "डोकेदुखीला लवंगेचा लेप लावतात तसं. अहो, भाषा ही रक्तात असावी लागते!"

सांगायला हवं, हे सुवर्णाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चार महिने म्हणजे थोडा काळ नव्हता. शैलेशला बुद्धी होती. रोज बसला असता तर साठ सहज झाले असते. ती रोज ठरवायची. एकदा तर तिने वाक्यही जुळवलं होतं, 'त्या दिवशी मी जरा वाढवून सांगितलं होतं.' त्याच दिवशी तिला एक ईमेल आली. मुळांवरच्या बुरशीबद्दलच्या एका निबंधात एका आकृतीचं वर्णन मजकुराच्या उलट आहे, असं तिने लेखिकेला इंग्रजीत लिहून कळवलं होतं. लेखिकेने उत्तर पाठवलं होतं. चूक मान्य केली होती, आभार मानले होते, आणि 'डॉक्टर कंधारकर' असं संबोधलं होतं.

संध्याकाळच्या चहाला सुवर्णाने ते दोघांना दाखवलं. हे दाखवलं की तेही सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं.

शैलेशने तिची मूळ ईमेल उघडली आणि वाचायला लागला, देवणीच्या बाईने इंग्रजी वाचावं तसं, प्रत्येक शब्दाला हेल काढून. वाक्यं बिनचूक होती, म्हणून त्याने चुकीचे उच्चार घालून वाचली. ईश्वरीला ठसका लागेस्तोवर हसू आलं.

"डॉक्टर म्हणायलेत हिला," शैलेश डोळे पुसत म्हणाला. "त्यांना कळवून टाक बाई, की तू बाटल्या धुतेस."

सुवर्णाने फोन परत घेतला. चहाचे कप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि नळाखाली ते बराच वेळ धूत राहिली. सांगायचं होतं ते तिने सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. उरलेले दोन महिने ती कॅलेंडरकडे बघत राहिली आणि शैलेश स्टाफरूममध्ये विनोद करत राहिला.

मोजणी सभागृहात झाली. साक्षीदार म्हणून प्राचार्या आणि मुनीर शेख. शेख सरांचे सकाळीच चौसष्ट झाले होते. लोहारे सर काठावर एकसष्टला पार पडले होते आणि खुर्चीत बसून घाम पुसत होते. शैलेशने त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बाकीचे प्राध्यापक सभागृहाच्या मागच्या रांगांत थांबले होते. कुणालाही बाहेर जायचं नव्हतं. कंधारकर सरांचा अंक बघायचा होता.

सुवर्णाने पट्टी बांधली. तिची बोटं त्याच्या कानाला लागली तेव्हा तो हळूच म्हणाला, "पंच्याऐंशी करून दाखवतो बघ."

तेव्हासुद्धा ती म्हणू शकली असती, 'आज तब्येत बरी नाही म्हणा, तारीख पुढची घ्या.' तिने बटण दाबलं.

मोठ्या पडद्यावर पहिली दोन वाक्यं हिरवी झाली. मग लाल. मग लाल, लाल, लाल. शैलेशची पाठ त्या पडद्याकडे होती, मजकूर त्याच्या पुढ्यातल्या लहान पडद्यावर होता. त्याला दिसत होते ते फक्त समोरचे चेहरे. आधी ते हसरे होते. मग ते एकेक करून खाली झुकले. दहाव्या मिनिटाला त्याला काहीतरी कळलं असावं, कारण त्याने वाचता वाचता मान वळवली.

शेवटचा आकडा होता तेहतीस.

मागून कुणीतरी खोकलं. शैलेशने स्वतःच्या हाताने पट्टी काढली आणि बायकोकडे बघितलं.

"तू ब्याऐंशी म्हणाली होतीस."

"हो," सुवर्णा म्हणाली.

"मग किती होते?"

"एकतीस."

तिने निकालपत्रावर सही करून ते प्राचार्यांपुढे सरकवलं. त्या क्षणी तिच्या छातीत जे काही मोकळं झालं ते इतकं गोड होतं की त्याची लाज वाटायला तिला आठ दिवस लागले.

शैलेशला वर्गावरून काढून परीक्षा विभागात बैठक क्रमांक तपासायला बसवलं. आठवड्याभरात पोरांनी त्याला नाव ठेवलं, तेहतीस सर. तो व्हरांड्यातून जायला लागला की कुणीतरी मागून हळूच "थर्टी थ्री" म्हणायचं आणि पळायचं. भाषणाला बोलावणं बंद झालं. एका कार्यक्रमाला त्याने आपण होऊन फोन केला, तर आयोजक म्हणाले, "सर, यंदा मराठीतच करायलाव."

ईश्वरीने आईला विचारलं ते दुपारी, घरात दोघीच असताना.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"सहा महिने?"

"हो."

"आधी खोटं का बोललीस?"

"दया आली होती."

"आणि नंतर?"

सुवर्णा भाजी निवडत होती. तिने पुढची जुडी उचलली.

"बाबा तुला तोंडावर हसायचे," ईश्वरी म्हणाली. "मीपण हसायचे. चूक होती आमची. पण तू आम्हाला कधी कळूसुद्धा दिलं नाहीस. आम्ही हसत होतो आणि तू दिवस मोजत होतीस." ती उठून उभी राहिली. "मला तुझी भीती वाटायलीय, आई."

जूनमध्ये ती पुण्याला शिकायला गेली. रोज बाबांना फोन करायची. आईला विचारायची, बाबा जेवले का.

शैलेश मात्र तिच्यावर एकदाही ओरडला नाही. महिनाभर तो जवळजवळ बोललाच नाही. मग एके दिवशी तो केंद्रात आला, दारात थांबला आणि म्हणाला, "मला बसता येईल का?" त्या दिवसापासून तो रोज दुपारी कोपऱ्यातल्या जागेवर पट्टी बांधून वाचायचा. पोरं काचेतून बघायची. तो मान वर करायचा नाही. घरी सकाळचा चहा आता तोच करायचा. एकदा सुवर्णा भाकरी थापत असताना जवळ येऊन त्याने विचारलं, "नॉटविथस्टँडिंग वाक्याच्या मध्ये आला की नेमका कुणाला धरून असतो?" तिने पिठाच्या हाताने हवेत वाक्य मांडून 'असं असूनही' कशाला चिकटतं ते दाखवलं. त्याने मान हलवली. "एवढी वर्षं मी हे मुलांना शिकवलं," तो म्हणाला, "आणि मला वाटायचं तो नुसता मोठा शब्द आहे."

ते दहा महिने सुवर्णाच्या संसारातले सगळ्यात शांत महिने होते. ताटाशी कुणी हसत नव्हतं. ती कधी चुकून काही बोलली तरी तो ऐकून घ्यायचा. तिला तो आवडायला लागला होता, लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा आवडला नव्हता तितका. त्याचा अंक वाढताना ती बघत होती. बेचाळीस. एकोणपन्नास. पंचावन्न. आणि पंचावन्नच्या आठवड्यात त्याने स्नानगृहात, दार लावून, एका जुन्या भाषणाची सुरुवात म्हणून बघितली. तोच भारदस्त आवाज. सुवर्णा बाहेर टॉवेल घेऊन उभी होती. तिला ताटाशी हसणारे पाहुणे आठवले, आणि टॉवेल कडीला अडकवून ती तिथून निघाली.

फेरमोजणी नोव्हेंबरमध्ये होती. या वेळी मोठा पडदा नव्हता, साक्षीदार म्हणून फक्त कार्यालयातले एक लिपिक होते आणि ते खिडकीशी बसून अर्ज भरत होते. शैलेशने शंभर वाक्यं मनातल्या मनात वाचली. ओठ हलले नाहीत. सुवर्णाने निकाल बघितला.

एकोणसाठ.

खाली यंत्राने बारीक अक्षरांत एक टीप दिली होती. दोन वाक्यांच्या वेळी डोळे मिटले गेल्यामुळे लाट नीट मोजता आलेली नाही. अशी वाक्यं मोजणीतून वगळायची का, हे चालकाने ठरवायचं असे. नियमाप्रमाणे वगळता येत होती आणि सुवर्णा नेहमी वगळायची. लोहारे सरांची तीन वगळली होती, म्हणूनच ते पार पडले होते. ही दोन वगळली असती तर अठ्ठ्याण्णवपैकी एकोणसाठ, म्हणजे साठच्या थोडं वर. पुढच्या सोमवारी तो पांढरा शर्ट घालून वर्गावर गेला असता.

तिने बोट त्या टिपेवर नेलं. मग बाजूला नेऊन 'कायम करा' दाबलं.

"किती?" शैलेशने विचारलं.

"एकोणसाठ."

त्याने पट्टी काढली. नियम एवढाच होता, दुसऱ्यांदा साठ झाले नाहीत तर बदली कायमची. मग त्याने पट्टीच्या गुंड्या रुमालाने पुसल्या, डब्यात नीट ठेवल्या आणि तो उठला.

"सुवर्णा," तो म्हणाला, "एका गुणासाठी तू मला सूट देशील, अशी मला भीती होती. दिली नाहीस ते बरं केलंस. दिली असतीस तर वर्गावर उभं राहताना मला तोंड वर करता आलं नसतं." त्याचे डोळे भरले होते. "या सगळ्यात तू एकटीच माझ्याशी खरी वागलीस."

तो गेला. खिडकीशी बसलेल्या लिपिकांनी नाव पुकारलं. भूगोलाच्या नव्या मॅडम आत आल्या. घाबरलेल्या होत्या आणि सारख्या डोळे मिचकावत होत्या. सुवर्णाने त्यांच्या डोक्याला पट्टी बांधली, पाणी दिलं, सावकाश वाचा म्हणाली. अर्ध्या तासाने आकडा आला अठ्ठावन्न, आणि खाली चार वाक्यांची टीप.

सुवर्णाने चारही वाक्यं वगळली.

"साठ पूर्णांक चार," ती म्हणाली. "झालात पास, मॅडम."